‘वाचते’ आणि ‘बूट होते’ यांच्या फटीत गेलेले सोळा हजार

भोसरीतल्या आमच्या छोट्या डिझाइन कार्यालयात सन मायक्रोसिस्टिम्सचे ‘स्पार्कस्टेशन ५’ हे वर्कस्टेशन, म्हणजे डिझाइनच्या कामाचा संगणक, १९९६ पासून आहे. २००८ नंतर त्यावर रोजचे काम झालेले नाही. पण त्याच्या डिस्कवर रासायनिक कारखान्यांसाठी काढलेली प्रेशर व्हेसलची (दाब सहन करणाऱ्या टाक्यांची) रेखाचित्रे असल्यामुळे ते भंगारात देण्याचा धीरही कोणाला झाला नाही. गेल्या वर्षी एका जुन्या ग्राहकाला त्यांपैकी एका व्हेसलची मूळ मापे हवी होती. कागदावरच्या ट्रेसिंगना वाळवी लागली होती आणि मशिनचा रूट (म्हणजे मुख्य व्यवस्थापक खात्याचा) पासवर्ड ज्यांना ठाऊक होता ते सहकारी २०१४ मध्ये वारले होते. सोलारिस २.६ या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ छापील सीडी मात्र कपाटात शाबूत होती. त्या सीडीवरून मशिन सिंगल-यूजर (दुरुस्तीपुरत्या) अवस्थेत सुरू करायचे, आतली डिस्क माउंट करायची (म्हणजे फाइली दिसतील अशी जोडून घ्यायची) आणि पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलमधला रूटच्या पासवर्डचा रकाना रिकामा करायचा, हा त्या काळातल्या प्रत्येक सिस्टिम ॲडमिनला ठाऊक असलेला मार्ग मोकळा होता. आमच्या मशिनमध्ये सीडी ड्राइव्ह नव्हता आणि बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कार्यालय हलवताना कुठे गेला ते कोणालाच सांगता येईना. एवढ्या एका वस्तूपायी मी सोळा हजार रुपयांना फसलो. फसवणूक तांत्रिक सबबींच्या आडून झाली आणि त्या सबबी बऱ्याच अंशी खऱ्याही होत्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हे मॉडेल १९९४ सालचे आहे. त्याला यूएसबी नाही. मागे पन्नास पिनांची स्कझी (डिस्क, ड्राइव्ह अशी उपकरणे साखळीने जोडण्याची जुनी पद्धत) जोडणी आहे आणि बाहेरचा ड्राइव्ह तिथेच लागतो. मात्र वाटेल तो स्कझी सीडी ड्राइव्ह लावून हे मशिन बूट होत नाही, म्हणजे सीडीवरून सुरू होत नाही. डेटा सीडीवरचा एक सेक्टर २०४८ बाइटचा असतो आणि साधारण संगणकासाठी बनवलेला ड्राइव्ह तेवढेच तुकडे देतो. या मशिनमधल्या प्रॉमला, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅमला, मात्र सीडी म्हणजे आणखी एक हार्ड डिस्क वाटते आणि तो ५१२ बाइटचा ब्लॉक गृहीत धरून वाचायला जातो. म्हणून ड्राइव्हने प्रत्येक सेक्टरचे चार भाग करून द्यावे लागतात. सनने स्वतःच्या नावाने विकलेले तोशिबाचे ड्राइव्ह हे आपोआप करत. प्लेक्सटरच्या काही ड्राइव्हना त्यासाठी मागे स्वतंत्र जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असे. इतर पुष्कळ ड्राइव्हना ही सोयच नसते. गंमत अशी, की सोलारिस एकदा सुरू झाले की त्याचा ड्रायव्हर (ड्राइव्ह हाताळणारा प्रोग्रॅम) ब्लॉकचा आकार स्वतः सांभाळून घेतो आणि मग साधा ड्राइव्हही सीडी व्यवस्थित वाचतो. सगळी अडचण बूट होण्याच्या त्या पहिल्या अर्ध्या मिनिटातली आहे आणि विकणाऱ्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन दिवस हिंडून काही मिळाले नाही, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन जाहिरातीवरून मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी बोललो. जाहिरातीत बाहेरून जोडायच्या ड्राइव्हसाठीच्या सनच्या ‘४११’ पेटीचे छायाचित्र होते आणि खाली ‘तोशिबाचा मूळ सन ड्राइव्ह, ५१२ बाइट, तपासलेला, सात दिवसांत परत’ असे लिहिले होते. ५१२ चा उल्लेख मी न विचारता त्याने केला, याचा माझ्यावर फार प्रभाव पडला. ज्याला हा आकडा माहीत आहे तो माणूस जाणकार असणार, असे मी धरून चाललो. तो जाणकार होताच. त्या जाणकारीने तो प्रामाणिकही ठरत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. त्याने एक ध्वनिचित्रफीतही पाठवली. तीत अशाच एका मशिनवर स्कझी उपकरणांची यादी घेतलेली, मग सीडीवरून सोलारिस सुरू होताना दिसत होते. किंमत साडेअकरा हजार ठरली. पैसे जाहिरातीच्या संकेतस्थळामार्फत न देता थेट यूपीआयने द्यावेत, म्हणजे कमिशन वाचेल, असे तो म्हणाला आणि मी दिले.

पेटी चौथ्या दिवशी आली. कनेक्टर नीट बसला, पंखा फिरला, दिवा लागला. सिरियल केबलने लॅपटॉप जोडून मी प्रॉमच्या ‘ओके’ या सूचनेवर उपकरणांची यादी मागवली आणि मशिन जागच्या जागी गोठले. फोन केल्यावर त्याने शांतपणे विचारले, “साहेब, पेटीचा आयडी किती आहे?” मागच्या छोट्या स्विचवर हा साखळीतला क्रमांक ३ होता, आणि स्पार्कस्टेशनची आतली डिस्क नेहमी ३ वरच असते, दोन उपकरणांचा आयडी एकच असला की स्कझीची साखळी कोलमडते. ‘बूट सीडीरॉम’ ही आज्ञा आयडी ६ वरचा ड्राइव्ह शोधते, म्हणून ६ करा, असे त्याने सांगितले. ते शब्दशः बरोबर होते. मी ६ केला आणि यादीत सहाव्या आयडीसमोर ‘काढता येणारे, फक्त वाचण्याचे उपकरण’ अशा अर्थाची ओळ आली. मला हायसे वाटले. त्याच ओळीत पुढे ड्राइव्हच्या निर्मात्याचे नाव होते. ते मी वाचले नाही.

बूट करताना मात्र डिस्कचे लेबल वाचता येत नाही, असा संदेश येऊन सगळे थांबायचे. यावर त्याचे उत्तर आले, की पेटीच्या दुसऱ्या मोकळ्या जोडणीवर टर्मिनेटर लावला नसेल. हेही बरोबर होते. साखळीच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर हवाच, नाहीतर विद्युत संकेत तारेच्या टोकावरून परावर्तित होऊन गोंधळ घालतात. टर्मिनेटर त्याने पाठवलेला नव्हता. तो मी नऊशे रुपयांना दुसरीकडून मागवला, त्यात पाच दिवस गेले. तो लावूनही तोच संदेश आला, तेव्हा सीडी कॉपी केलेली असेल, जुने ड्राइव्ह घरी बर्न केलेल्या सीडी नाकारतात, असे त्याने सांगितले. जुन्या ड्राइव्हबाबत हेही खरे असते, पण माझी सीडी छापील होती. मग म्हणाला, की मशिनच्या घड्याळाची चिप संपली असेल. ती संपलेलीच होती. या मशिनांतल्या एनव्हीरॅम चिपमध्ये, म्हणजे त्याच घड्याळाच्या चिपमध्ये, बॅटरी आतच बंद केलेली असते आणि ती मेली की मशिन आपला इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी विसरते. सुरू होताना आयडीप्रॉम (म्हणजे हीच ओळखीची माहिती) अवैध असल्याची तक्रार आमच्याकडे रोज येत होती. त्याचा सीडी वाचण्याशी काही संबंध नाही, हे मला त्या वेळी ठामपणे म्हणता आले नाही.

एवढ्यात तेरा दिवस झाले आणि सात दिवसांची परतीची मुदत कधीच संपली. मी प्रत्येक सूचना पाळत राहिलो. प्रत्येक सूचनेत तथ्य असल्यामुळे पुढची सूचनाही निमूटपणे ऐकत राहिलो. त्याने एकदा व्हिडिओ कॉलवर मशिन पाहायला मागितले आणि सोबत आपल्या दुकानातला तशाच पेटीतला दुसरा ड्राइव्हही दाखवला. स्कझी कार्ड असलेल्या विंडोज संगणकाला तो जोडून त्याने कुठल्याशा सीडीवरची फाइलींची यादी उघडली. “बघा, माल चालतो. तुमच्या मशिनमध्येच दोष आहे,” असे तो म्हणाला. त्या क्षणी मला ते पटले, याची मला अजून लाज वाटते. विंडोजवर सीडी वाचली जाणे आणि स्पार्कस्टेशनच्या प्रॉमने तिच्यावरून बूट होणे या दोन गोष्टींमधला फरक मला माहीत होता. तो मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होते. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची इंडी ही वर्कस्टेशन किंवा तत्सम मशिने ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही हेच सांगतो, कारण तिथेही ५१२ चाच प्रश्न येतो, आणि त्या मशिनांच्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ सीडीची फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची पद्धत) साध्या संगणकाला कळतही नाही.

दुसरी फसवणूक यानंतरची आहे आणि ती अधिक उघड होती. तुमच्या मशिनला जुना ड्राइव्ह चालत नसेल तर नवीन यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावा, मी कन्व्हर्टर देतो, असे सांगून त्याने साडेचार हजारांना यूएसबी-स्कझी ॲडॉप्टर पाठवला. हा ॲडॉप्टर खरा असतो, पण त्याची दिशा ठरलेली असते: यूएसबी असलेल्या संगणकाला जुनी स्कझी उपकरणे जोडण्यासाठी तो बनवलेला असतो. स्कझीच असलेल्या संगणकाला यूएसबी ड्राइव्ह जोडणे त्याने शक्य नाही, कारण यूएसबीच्या बाजूला हुकूम देणारा संगणक हवा असतो आणि इथे तो नसतोच. दोन्ही टोकांचे प्लग पाहून माणूस फसतो. मीही पाकीट हातात पडेपर्यंत फसलो.

त्या संध्याकाळी मी पेटीचे स्क्रू काढले. बाहेर सनचे चिन्ह होते, वर ‘५१२ बाइट’ अशी साध्या प्रिंटरवर छापलेली पट्टी होती, आणि आत दुसऱ्याच कंपनीचा घरगुती संगणकासाठी बनवलेला स्कझी ड्राइव्ह होता. मागे आयडी, टर्मिनेशन आणि पॅरिटी यांचे जंपर होते. ब्लॉकच्या आकाराचा नव्हता. मग मी ती सोडून दिलेली ओळ वाचली. स्कझी उपकरणाला ओळख विचारली की ते निर्मात्याचे नाव आठ अक्षरांत आणि उत्पादनाचे सोळा अक्षरांत स्वतः सांगते. ते ड्राइव्हच्या आतच भरलेल्या प्रोग्रॅममधून, म्हणजे फर्मवेअरमधून येते, पट्टी चिकटवून बदलत नाही. त्याच्या ध्वनिचित्रफितीत त्या जागी तोशिबाचे नाव आणि मॉडेलच्या पोटात ‘सन’ ही तीन रोमन अक्षरे स्पष्ट दिसत होती. माझ्याकडच्या ओळीत दोन्ही नव्हते. चित्रफीत माझ्याकडे आलेल्या पेटीची कधीच नव्हती. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह म्हणजे लबाडीच, असे नसते; जंपरवाला ड्राइव्ह मिळाला असता तर मी तक्रार केली नसती. पण चित्रफितीतली ओळ आणि तुमच्या पडद्यावरची ओळ जुळली पाहिजे, हे पेटी हातात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तपासता येते आणि त्यासाठी स्क्रूही काढावे लागत नाहीत.

रेखाचित्रांचे काय झाले, तेही सांगतो, कारण त्यातून माझा खरा मूर्खपणा दिसतो. बूट न होणाऱ्या ड्राइव्हच्या मागे मी लागायलाच नको होते. एका मित्राने पेटीतला निरुपयोगी ड्राइव्ह काढून तिथे स्पार्कस्टेशनची डिस्क लावली; तिच्या ऐंशी पिनांच्या कनेक्टरला पन्नास पिनांचा कन्व्हर्टर घेतला, तोच ‘निरुपयोगी’ यूएसबी-स्कझी ॲडॉप्टर लिनक्सच्या लॅपटॉपला जोडला आणि डिस्क सनच्या यूएफएस या फाइल सिस्टिमची आहे असे सांगून ती केवळ वाचण्यासाठी माउंट केली. पासवर्डचा प्रश्नच आला नाही. सगळी रेखाचित्रे तासाभरात उतरली. विकणाऱ्याने दुसरी वस्तू कोणत्या कामाला येते हे खरे सांगितले असते, तर तीच मी आनंदाने घेतली असती आणि पहिली घेतलीच नसती.

मी पैसे परत मागितले, तेव्हा त्याने फोन घेणे थांबवले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर पैसे गेल्यानंतर लगेच कळवले तर रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. मी तीन आठवडे टर्मिनेटर बदलण्यात घालवले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर आणि लेखी नोटीस गेल्यावर ॲडॉप्टरचे साडेचार हजार त्याने परत केले. पेटीच्या पैशांसाठी मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याने दिलेल्या उत्तरात दोन मुद्दे आहेत. पहिला असा, की वस्तू व्यावसायिक कामासाठी घेतली, म्हणून मी ग्राहक ठरत नाही. कायद्यात व्यावसायिक हेतू वगळलेला आहे खरा, पण स्वतःच्या श्रमावर चालणाऱ्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे आणि आमचे कार्यालय म्हणजे मी आणि एक ड्राफ्ट्समन. दुसरा मुद्दा असा, की ड्राइव्ह ‘चालू स्थितीत’ दिला होता. त्याला उत्तर म्हणून मी जाहिरातीची छापील प्रत जोडली आहे, त्याची चित्रफीत थांबवून काढलेले तोशिबाच्या ओळीचे छायाचित्र जोडले आहे, आणि त्याच्या खाली माझ्या सिरियल केबलवर उमटलेली आयडी ६ ची ओळ जशीच्या तशी दिली आहे.