जुनी स्पोर्ट्स कार: वर्कशॉपला सोपवावी की मंडळींना घेऊन घरीच उघडावी?

ज्यांच्या घरी जुनी स्पोर्ट्स कार ताडपत्रीखाली उभी आहे आणि आता ती दुरुस्त करून रस्त्यावर काढायचीच असं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जुन्या गाडीचा नाद करावा की नाही, हा प्रश्न तुम्ही मागे टाकलाय असं धरून चालतो. उरतं ते एवढंच: गाडी संपूर्ण कामासाठी मोठ्या शहरातल्या रिस्टोरेशन वर्कशॉपला द्यायची, की नागपुरातच, आपल्या शेडमध्ये, या गाड्यांचं वेड असलेली चार माणसं जमवून उघडायची?

मी दोन्ही केलंय, आणि एकाच गाडीवर. १९६६ ची एमजीबी रोडस्टर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, काकांनी हौसेने घेतलेली आणि त्यांच्यानंतर धंतोलीतल्या आमच्या घरामागे वर्षानुवर्षं उभी राहिलेली. पत्र्याचं काम आणि रंग बाहेरगावच्या वर्कशॉपमध्ये झाला. इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि जुळणी इथे. एका गाडीवरून सगळ्या गाड्यांचा निकाल देता येत नाही, हे मान्य करूनच पुढचं सांगतो.

वर्कशॉपचं श्रेय आधी देतो, कारण ते मोठं आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला छप्परही नाही, त्यामुळे गाडीचा सगळा ताण सिलांवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. सिल आतून गंजतात. बाहेरून रंग ठणठणीत दिसत असतो. मधोमध जॅक लावला आणि दार अडकायला लागलं, की आत काय झालंय ते कळतं. हे सिल नुसते कापून नवे लावता येत नाहीत. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी आहे त्या मापात धरावी लागते, नाहीतर ती मध्ये बसते आणि दाराची फट पुन्हा जुळत नाही. वर्कशॉपच्या डेंटरने हे काम फार सुंदर केलं. लांबी (पुट्टी) थापून झाकाझाकी केली नाही, दोन्ही दारांची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली. नागपुरात चांगले पत्रेवाले आहेत, पण या बांधणीची गाडी त्यांच्या हाताखालून गेलेली नसते आणि शिकायला ते आपली गाडी घेणार, ही जोखीम मला नको होती.

रंगाचंही तेच. रंगाला बंद बूथ हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, शेडमधल्या पत्र्याला हात लावता येत नाही. जुलैत उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो. मधल्या महिन्यांत धूळ. घरी रंगवलेल्या चांगल्या गाड्याही मी पाहिल्यात, पण त्या रंगवणारे लोक वेगळ्याच चिकाटीचे. रंग आणि सिल या दोन गोष्टींसाठी वर्कशॉपचे पैसे मला आजही जास्त वाटत नाहीत.

खर्चाचं सगळे पहिल्यांदा विचारतात, पण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. घरी मजुरी वाचते. सुटे भाग मात्र ब्रिटनहूनच येतात, कुरिअर आणि कस्टम दोन्हीकडे सारखंच. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी आणि तिची बंद छपराची जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, म्हणून पार्ट मिळतो हेच मोठं. वेळेच्या बाबतीत वर्कशॉपने दिलेली तारीख पुढे सरकली, आणि घरचं काम तर लग्नसराई, परीक्षा आणि कुणाच्या तरी गावच्या शेतीच्या कामावर चालतं. घाई असेल तर दोन्ही वाटा त्रासाच्याच.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला, ती. गाडी रंगून परत आली तेव्हा काढलेलं सगळं सामान सोबत आलं. दिवे, बंपर, ग्रिल नीट गुंडाळलेलं. आणि नट, बोल्ट, वॉशर, क्लिपा, स्क्रू सगळे एका पोत्यात.

ज्या मुलाने गाडी उघडली होती तो तोवर नोकरी सोडून गेला होता. पुढच्या मडगार्डचे कुठले बोल्ट लांब आणि कुठले आखूड, हे मी फोनवर विचारलं, तर उत्तर आलं, “सर, मॅन्युअलमध्ये असेल.” मॅन्युअलमध्ये ते नसतं. बीएमसीचं, म्हणजे ही गाडी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं वर्कशॉप मॅन्युअल इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी उत्तम आहे, पण डॅशबोर्डच्या मागची क्लिप कुठल्या भोकात बसते ते ज्याने काढली त्यालाच माहीत असतं. किंवा ज्याने फोटो काढून ठेवला, त्याला.

पोतं एवढंच असतं तर मी चिडून विसरलो असतो. पण जुळणी सुरू झाली आणि आट्यांचं प्रकरण निघालं. या गाडीचे बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे इंची आणि बारीक. पाव इंची बोल्टला इंचाला २८ आटे, अडीच सुती म्हणजे ५/१६ च्या बोल्टला २४. आज कुठल्याही दुकानात पटकन हाती येतो तो मेट्रिक. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणून आठ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्याला अगदी तसाच दिसतो. दोन-तीन आटे आतही जातो, मग अडतो. तिथे हात थांबायला हवा. आमच्या गाडीत कुणीतरी तो तसाच रेटून बसवला होता, आणि मडगार्डच्या मागे वेल्ड केलेल्या काही नटांमध्ये तर सरळ मेट्रिक टॅप मारून नवे आटे पाडले होते. वरून काहीच दिसत नाही. रंग झळकतोय, मडगार्ड घट्ट आहे. पण अशा गाडीतला कुठलाही बोल्ट नंतर उघडताना तो कुठल्या मापाचा असेल याची खात्री उरत नाही. अर्धा इंची पान्याच्या जागी तेरा मिलिमीटरचा पाना लावला की षटकोनाचे कोपरे झिजतात, आणि गंजलेला बोल्ट असेल तर तो तिथेच तुटतो.

वर्कशॉपच्या लोकांची कामाबद्दलची आस्था खोटी होती असं मला म्हणायचं नाही. एकाच वेळी अनेक गाड्या उघड्या पडलेल्या, उघडणारा एक, रंगवणारा दुसरा, जुळवणारा तिसरा. गाडीची आठवण कुणा एकाच्या डोक्यात राहतच नाही. पण माझ्यासारख्याला, ज्याला ही गाडी पुढची कितीतरी वर्षं स्वतः उघडायची आहे, ते फार खुपलं.

इथून घरची मंडळी आली. मोमीनपुऱ्यातले एक मिस्त्री, ज्यांचं आयुष्य अँबॅसिडरवर गेलं. अजनीला रेल्वेत फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका. धरमपेठेतले एक डॉक्टर, जे स्वतःची स्टँडर्ड हेराल्ड स्वतः उघडतात. आणि पुण्यातले एक एमजीबीवाले, ज्यांना मी प्रत्यक्ष भेटण्याआधीच त्यांच्या गाडीच्या पोटातले बारीकसारीक फोटो माझ्या फोनमध्ये आले होते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, हे तर आपलंच इंजिन आहे, पोट वाढवलेलं.” अगदी खरं. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी आणि एमजीबीचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीजमधली. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तोच ८८.९ मिलिमीटर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ वरून ८०.२६ वर गेलेला. टॅपेट लावणं, हेड कसण्याचा क्रम, कान लावून इंजिनाचा आवाज ओळखणं, यातलं काहीच त्यांना नवं नव्हतं. वर्कशॉपमध्ये ज्याने इंजिन पाहिलं त्याने जपानी इंजिन टाकायचा सल्ला दिला होता. मिस्त्रींच्या मनात तो विचार आलाच नाही. त्यांनी फक्त हेड काढून व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्यायला लावल्या, कारण शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि त्याआधीपासून उभ्या असलेल्या गाडीची मूळ सीट त्या पेट्रोलच्या भरवशावर बनलेली असते.

रेल्वेवाल्या काकांनी पोतं मागून घेतलं. शेडमध्ये चटईवर सगळं ओतलं, आटे मोजायचा पिच गेज काढला आणि एकेक बोल्ट तपासायला बसले. एका ताटात यूएनएफ, एकात यूएनसी, म्हणजे इंचीच पण जाड आट्यांचे, लहान वाटीत लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या सामानाचे बीए नावाच्या बारीक आट्यांचे स्क्रू, आणि एका डब्यात ते सगळे मेट्रिक, जे या गाडीचे नव्हतेच. पुण्याहून आलेल्या फोटोंशी ताडून प्रत्येक जागेची पिशवी झाली, पिशवीवर मार्करने नाव. जे कमी पडले ते इतवारीत लोहा ओळीतल्या एका जुन्या दुकानात मिळाले. “अडीच सूत, बारीक आटा” एवढं म्हटलं की तिथले शेठ बरोबर तोच खोका काढतात. मेट्रिक टॅप मारलेल्या जागी हेलिकॉइल, म्हणजे आटे नव्याने देणारी तारेची गुंडाळी, बसवून मूळ माप परत आणलं. सगळे जुने बोल्ट हिंगणा एमआयडीसीत झिंक करून घेतले. हे सगळं वर्कशॉपला सांगितलं असतं तर झालं असतंही कदाचित, पण तिथे तासाचे पैसे लागतात, आणि पोत्यातला बोल्ट ओळखण्यासाठी तास घालवणं त्यांना परवडत नाही. काकांना दुपार मोकळी होती, आणि या कामात त्यांचा जीव रमत होता.

विजेच्या कामात डॉक्टरांचा आग्रह उपयोगी पडला. १९६६ ची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीला. १९६७ नंतर ते उलटलं. शिवाय सीटांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आजचा कुठलाही इलेक्ट्रिशियन सवयीने काळी वायर बॉडीला जोडणार, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बॅटरीच्या झाकणावर लाल पट्टी चिकटवली आणि त्यावर ठळक लिहिलं. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशन, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ. लुकासचे हे रंग पाठ असलेला माणूस शेजारी असला की वायरिंगची भीती राहत नाही.

घरच्या वाटेच्याही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. चौघांची चार मतं असतात. मूळ रबरी होज ठेवायचे की नाही यावर आमच्याकडे एक अख्खा रविवार गेला. शेवटी पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात टिकत नाही, यावर सगळे आले आणि होज बदलले. शेड गाडीच्या दुप्पट लागतं, कारण उघडलेली गाडी पसरते. ब्रेकचं काम मैत्रीखात्यात करू नये असं माझं मत. आम्ही सिलिंडर, किट, पाइप सगळं नवं घातलं आणि तपासायला बाहेरचा माणूस बोलावला. आणि काही बिघडलं तर धरायला कुणी नसतं. वर्कशॉपला निदान जाब विचारता येतो.

एक गोष्ट दोन्ही वाटांवर सांभाळावी लागते, ती नोंदणीची. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार आणि मुदत दहा वर्षं. अट अशी, की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणून इंजिन बदलण्याचा सल्ला कुणीही दिला, तरी आधी हा नियम त्याच्यासमोर ठेवा.

तुम्ही नोकरीनिमित्त बाहेर असाल, घरी शेड नसेल, किंवा गाडी वर्षातून एका रॅलीला काढायची असेल, तर वर्कशॉप बरं, यात मला शंका नाही. सिल गेलेले असतील तर पत्र्यासाठी तिकडेच जा. पण गाडी पाठवण्याआधी सगळे सुटे भाग, नट-बोल्टांसकट, इथेच काढून पिशव्या भरून ठेवा आणि तिकडे नुसती बॉडी पाठवा. बॉडीवर जे राहील त्यासाठी लेखी घ्या: मेट्रिक टॅप मारायचा नाही, बोल्ट बदलायचा तर आधी विचारायचं, काढलेली प्रत्येक वस्तू फोटोसकट परत.

बाकीचं काम मी तरी इथेच करीन. सुरुवात ऑक्टोबरात केली तर होळीपर्यंत हवा साथ देते. ७/१६, १/२ आणि ९/१६ चे इंची पाने आधी जमवा. बरंचसं काम त्यांवरच होतं. आणि अँबॅसिडर उघडणाऱ्या मिस्त्रीचा शोध आजच सुरू करा. अँबॅसिडर २०१४ मध्ये बंद झाली, इंची पान्यांचा सेट बाळगणारे हात आता शहरात मोजकेच उरलेत आणि त्यांच्याकडे आधीच रांग असते.