मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी पावडर निवडताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. .३५७ आणि .४४ मॅग्नमची काडतुसं घरी भरताना मी आता बहुतेक वेळा अलायंट कंपनीची २४०० ही पावडर वापरतो. एच-११० या दुसऱ्या पावडरीचा डबा उघडतो तो फक्त जड गोळी आणि पूर्ण ताकदीचा लोड (म्हणजे पावडर, गोळी आणि प्रायमर यांची ठरलेली जुळणी) हवा असेल तेव्हा. बाकीच्या दोन-तीन पावडरी वापरून पाहिल्या, त्यांच्याबद्दलही पुढे लिहितो. एकाही लोडचा ग्रेनमधला (ग्रेन हे पावडर आणि गोळी तोलायचं छोटं एकक) आकडा मात्र इथे देणार नाही. तो नेहमी पावडर बनवणाऱ्याच्या ताज्या तक्त्यातून घ्यावा आणि आपल्या नेमक्या गोळीसाठीच घ्यावा.

पावडर निवडताना सगळे आधी वेगाचा रकाना बघतात. मीही तिथूनच सुरुवात केली, पण निर्णय वेगळ्याच गोष्टीवर झाला. पावडर वरच्या टोकाला किती वेग देते हे तक्त्यात छापलेलं असतं. चार्ज (एका काडतुसात घातलेली पावडर) थोडा कमी केला, थंडी पडली, क्रिंप (गोळी पकडून ठेवायला आत वळवलेली पुंगळीची कड) जरा सैल राहिला की ती कशी वागते, हे मात्र वापरल्याशिवाय कळत नाही. रोजच्या सरावात महत्त्व त्यालाच जास्त.

मॅग्नमला सावकाश जळणारी पावडर का लागते, हे थोडक्यात. काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सामी या अमेरिकी संस्थेनुसार .३५७ मॅग्नमची दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे आणि .४४ मॅग्नमची ३६,०००. वेगाने जळणारी पावडर थोडीशीच घातली तरी त्या मर्यादेला पटकन पोचते, आणि गोळी नळीत पुढे सरकताच दाब कोसळतो. सावकाश जळणारी पावडर त्याच मर्यादेत राहून जास्त प्रमाणात घालता येते. तिचा वायू जास्त, आणि दाब उतरतोही हळूहळू. गोळीला ढकलणारा जोर नळीच्या टोकापर्यंत टिकतो. कमाल दाब तेवढाच राहून वेग वाढतो तो यामुळे.

आता एच-११०. होजडनची एच-११० आणि विंचेस्टरच्या नावाने विकली जाणारी २९६ ही एकच पावडर आहे, फक्त डबे वेगळे. दाणे गोल आणि बारीक. पावडर-मेजरमधून, म्हणजे ड्रम फिरवून ठरावीक पावडर मोजून देणाऱ्या उपकरणातून, ती पाण्यासारखी उतरते. ड्रम फिरवताना कुठेही अडखळत नाही, आणि काट्यावर एकामागून एक चार्ज ठेवले की सुई जवळपास त्याच जागी थांबते. जड गोळीला हिच्याइतका वेग आणि इतकी एकसारखी कामगिरी माझ्या हातात दुसऱ्या कुठल्याही पावडरीने दिली नाही. पूर्ण लोडमध्ये ती खरोखर उत्तम आहे.

पण ती फक्त पूर्ण लोडमध्येच उत्तम आहे. होजडनची सूचना स्पष्ट आहे: दिलेल्या कमाल लोडपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका. बहुतेक पावडरींमध्ये आपण १० टक्के खालून सुरुवात करतो आणि पायरीपायरीने वर जातो. इथे ती मोकळीक नाही. या गोल दाण्यांवर जळणं मंदावणारा जाड थर असतो. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) नीट भरलेली नसेल, दाब लवकर चढला नाही, तर पावडर अर्धवट जळते किंवा विझतेच. गोळी नळीत अडकू शकते, आणि ती अडकलेली असताना पुढचा बार झाला तर नळी फुटते. म्हणून हिच्यासाठी मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी तळाची टोपी, इथे जास्त ताकदीची) आणि घट्ट रोल क्रिंप मी कधीच सोडत नाही. मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं चेंबरमध्ये मागच्या कडेवर टेकतात, त्यामुळे पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत आत वळवायला अडचण येत नाही.

हा क्रिंप पुरेसा आहे का, ते तपासायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवतो आणि ते सिलिंडरमध्ये शेवटी उडेल अशा जागी भरतो. बाकीची उडवतो. मग ते न उडवता बाहेर काढून पुन्हा मोजतो. प्रत्येक धक्क्याबरोबर रिव्हॉल्व्हर मागे जाते, आणि जड गोळी आपल्या वजनामुळे पुंगळीतून पुढे सरकू पाहते. लांबी वाढलेली दिसली तर क्रिंप कमी पडतोय. दुर्लक्ष केलं तर गोळीचं नाक सिलिंडरच्या पुढच्या तोंडाबाहेर येतं आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. गोळी सरकली की आतली जागाही वाढते, आणि एच-११० ला नेमकी तीच गोष्ट मानवत नाही. .४४ मध्ये ही तपासणी प्रत्येक नव्या गोळीसाठी करावी असं माझं ठाम मत आहे.

२४०० चा स्वभाव याच्या उलट. ही जुनी पावडर, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हर्क्युलीस कंपनीने आणलेली. .२२ हॉर्नेट या छोट्या रायफल काडतुसात ती सेकंदाला २४०० फूट वेग द्यायची, तिथून हे नाव पडलं. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम आणली, तेव्हा ही पावडर बाजारात होतीच. एल्मर कीथ हा अमेरिकी नेमबाज-लेखक .४४ स्पेशल या जुन्या काडतुसात जड गोळ्या आणि जोरदार लोड भरत असे, तोही हिच्याच भरवशावर. त्याच्या आग्रहातून पुढे १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आली. इतकी वर्षं एखादी पावडर टिकते तेव्हा त्याला कारण असतं, आणि काही महिने वापरल्यावर ते कारण मला पटलं.

कारण असं की ती सहन करते. पूर्ण लोडमध्ये एच-११० पेक्षा वेग थोडा कमी, हे मान्य. पण तक्त्यातल्या सुरुवातीच्या लोडपासून वरपर्यंत ती समजूतदारपणे वागते. पावडर पुंगळीत पुढे सरकलेली असो की प्रायमरकडे टेकलेली, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मला फारसा फरक दिसला नाही. मी हे मुद्दाम तपासलं: एकदा नळी खाली झुकवून मग सावकाश नेमावर आणायची, एकदा वर करून मग खाली आणायची. वेगाने जळणाऱ्या पावडरीचे छोटे चार्ज पुंगळीत मोकळे हलतात, आणि या चाचणीत त्यांचे आकडे डोळ्यांत भरण्याइतके फाकतात. २४०० ला साधा प्रायमर पुरतो. मॅग्नम प्रायमर लावला तर दाब वाढतो, म्हणून तक्त्यात जो प्रायमर लिहिलाय तोच वापरा, ‘जास्त ताकदीचा म्हणजे जास्त चांगला’ असं समजू नका.

तोटे आहेत. हलक्या लोडमध्ये काही दाणे न जळता राहतात आणि नळीत, सिलिंडरच्या मागे साचतात. पुंगळ्या काढताना नळी वर करून एक्सट्रॅक्टर एका दमात दाबला की बहुतेक दाणे पुंगळ्यांबरोबर पडून जातात. नाहीतर एखादा दाणा एक्सट्रॅक्टरच्या चांदणीखाली जाऊन बसतो आणि सिलिंडर बंद करताना घासतो. काजळीही एच-११० पेक्षा जास्त. मला हा सौदा मान्य आहे. ब्रश फिरवायला पाच मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

२४०० बद्दल एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगायलाच हवी. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या नेमबाजांच्या तोंडी तिचे जे लोड आहेत ते आजच्या तक्त्यांपेक्षा वर आहेत. त्या काळी दाब मोजायचा तो तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला यावरून. आज स्फटिकाच्या सेन्सरने मोजतात, आणि त्यात दाबाची क्षणाक्षणाची चढउतार दिसते. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत. ‘आमच्या काळी एवढी घालायचो’ हे ऐकायला छान असतं, पण माझ्या टेबलावर फक्त आजचा तक्ता असतो.

बाकीच्यांबद्दल पटापट. आयएमआर ४२२७ चे दाणे काडीसारखे. चार्ज कमी केला तरी ती रुसत नाही, आणि .४४ मध्ये मध्यम लोडला अचूकता सुंदर मिळाली. फक्त हलक्या लोडला न जळलेले दाणे भरपूर, आणि ड्रमच्या धारेखाली काड्या करकर कापल्या जातात तेव्हा हाताला ते जाणवतं. अ‍ॅक्युरेट नंबर ९ गोल दाण्यांची आहे, मेजरमधून छान उतरते, आणि स्वभावाने २४०० आणि एच-११० यांच्या मधली. २४०० मिळाली नाही तर मी हीच घेईन. ब्लू डॉटकडे मी वळलोच नाही. अलायंटने २००८ मध्ये स्वतःच सूचना काढली होती: .४१ मॅग्नममध्ये ती कुठल्याच वजनाच्या गोळीला वापरू नये, आणि .३५७ मध्ये १२५ ग्रेनच्या गोळीला वापरू नये. जुन्या पुस्तकांत ते लोड अजून छापलेले आहेत, तेव्हा सांभाळा.

वेगाने जळणाऱ्या, म्हणजे टाइटग्रुपसारख्या पावडरी हलक्या सरावासाठी लोक वापरतात. स्वस्त पडतात, कारण चार्ज इवलासा लागतो. धोकाही तिथेच. .३५७ च्या पुंगळीत असा चार्ज तळाशी बसतो, चुकून दुसरा पडला तरी वरून कळत नाही. तिसराही मावेल. २४०० किंवा एच-११० चा दुहेरी चार्ज पडला तर पावडर तोंडातून बाहेर सांडते आणि चूक तिथल्या तिथे दिसते. मॅग्नमसाठी सावकाश पावडरच घ्या असं मी म्हणतो, त्यात वेगाइतकाच वाटा या एका गोष्टीचा आहे. तरीही गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ब्लॉकमध्ये ओळीने ठेवून, वरून टॉर्च मारून, पावडरीची पातळी एकदा नजरेखालून घालतोच. टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपलं की मेजरमधली पावडर त्याच डब्यात परत. मेजरमध्ये रात्रभर पावडर राहिली आणि सकाळी ती कुठली याची खात्री नसेल तर ती वापरायची नाही, टाकून द्यायची.

दाब जास्त झालाय हे ओळखायला प्रायमर चपटा झाला का बघा, असं बरेच जण सांगतात. रिव्हॉल्व्हरमध्ये ही खूण फार उशिरा आणि बेभरवशाने दिसते. पुंगळ्या चेंबरमधून निघायला चिकटू लागल्या तर तिथेच थांबावं, कारण तोवर आपण बहुधा मर्यादेच्या पुढे गेलेले असतो. त्यातही एक फसगत होते. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल खूप उडवली असेल तर तिच्या आखूड पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं, आणि नंतर .३५७ ची लांब पुंगळी त्यात अडकते. म्हणून लोड तपासायला बसताना चेंबर आधी स्वच्छ असावेत. माझा खरा भरवसा क्रोनोग्राफवर. तक्त्यातल्या नळीची लांबी आणि माझ्या नळीची लांबी यांचा हिशेब धरूनही वेग तक्त्यापेक्षा वर जात असेल, तर तो फुकट मिळालेला नाही. त्याची किंमत दाबाने मोजली गेलीय, आणि मी चार्ज कमी करतो. एच-११० असेल आणि कमी करायला जागाच नसेल, तर पावडर बदलतो.

आखूड नळीला वेगवान पावडर घ्यावी, हा समज मी स्वतः पडताळून पाहिला. आखूड नळीतही जास्त वेग सावकाश पावडरीनेच दिला, फक्त दोघींमधलं अंतर कमी झालं. पण तोंडाशी निघणारी ज्वाळा आणि आवाज इतका वाढतो की संध्याकाळच्या उजेडात पुढचा नेम धरायला डोळे स्थिरावावे लागतात. पावडरीची जळण्याची क्रिया गोळी थोडी सरकेपर्यंतच बहुतेक उरकते. बाहेर दिसणारा जाळ मुख्यतः गरम वायू हवेत पुन्हा पेट घेतात त्याचा असतो. अशा रिव्हॉल्व्हरसाठी मी मध्यम ताकदीचा २४०० चा लोड ठरवून टाकलाय आणि तो बदलायचा विचार नाही.

एच-११० चा डबा मात्र ठेवूनच आहे, आणि त्याचं मोठं कारण .३५७ ची लिव्हर-अ‍ॅक्शन कार्बाइन. लांब नळीत या पावडरीला पूर्ण वाव मिळतो, जाळ जवळपास दिसत नाही, आणि रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत वेगातली वाढ पहिल्याच बाराला क्रोनोग्राफवर कळते. नळीखालच्या ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकापुढे एक असतात आणि गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकतं, त्यामुळे इथे सपाट नाकाची गोळीच वापरायची. क्रिंपचं कामही उलटं होतं: पुढच्या काडतुसांच्या आणि स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत आत जाऊ पाहते, आणि आत गेली तर दाब वाढतो. ही काडतुसं मी वेगळ्या डब्यात ठेवतो. डब्यावर पावडर, गोळीचं वजन, प्रायमर आणि भरल्याची तारीख लिहिलेली असते.