कस्टडीची ऑर्डर, तीही नोटरीच्या शिक्क्यासह

बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात मुलाच्या ताब्यासाठी खेटे घालणाऱ्या आईबापांना हेरणारी एक जमात आहे. पांढरा शर्ट, काळा कोट, तोंडात कलमांचे नंबर, पण वकिलीच्या सनदेचा (परवान्याचा) पत्ता नाही. माझ्या धाकट्या बहिणीला असाच एक जण भेटला. त्याने 85,000 रुपये घेतले. ते एक वेळ सोडून देता येतील. त्याने खाल्लेल्या महिन्यांचं काय, ते पुढे सांगतो.

बहिणीचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला होता. मुलाचा ताबा तिच्याकडे, वडिलांना दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी भेट आणि मे महिन्याच्या सुट्टीतले अर्धे दिवस, असं कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींत) स्पष्ट लिहिलेलं. सुट्टीत भाचा पुण्याला गेला आणि त्याच्या वडिलांनी त्याला परत पाठवलंच नाही. जूनमध्ये तिथल्याच शाळेत घातलं. ज्या वकिलाने घटस्फोटाचं काम केलं होतं तो गावी होता, फोन लागेना. तेवढ्यात ऑफिसमधल्या कोणीतरी या माणसाचा नंबर दिला. इन्स्टाग्रामवर त्याच्या रील होत्या, ‘कस्टडी शंभर टक्के’ वगैरे. सनद असलेल्या वकिलाला अशी जाहिरात करता येत नाही. बार काउन्सिलचा नियमच आहे.

हा माणूस सरसकट खोटं बोलत नव्हता, अर्धं खरं सांगत होता. वकीलपत्रावर सही कधी करायची असं बहिणीने विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, 1984च्या फॅमिली कोर्ट कायद्यात कलम 13 आहे, तिथे वकील लागतच नाही.’ कलम खरं आहे. त्या कोर्टात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पण मग अर्जावर सही हिची हवी, बोर्डावर पुकारा झाला की उभं हिने राहायला हवं. यातलं काहीच होत नव्हतं. तरी ‘तारीख’ पडतच होती.

तसंच वयाचं. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे, असं 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. भाचा सहा वर्षांचा. ‘आता कायद्याने तो बापाचा, म्हणून वरपर्यंत बोलावं लागेल,’ असं सांगून याने भाव वाढवला. सहाव्या वर्षी मूल आपोआप बापाकडे जातं असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कायद्याचं कलम 13 मुलाचं हित सर्वात वर ठेवतं. आणि इथे तर कोर्टाचा हुकूमनामा आधीच आईच्या बाजूने होता!

पैसे कशाकशाचे घेतले? काउन्सेलरची फी. (फॅमिली कोर्टाचे समुपदेशक पक्षकारांकडून दमडी घेत नाहीत.) कोर्ट फी. (महाराष्ट्रात 1994 पासून बायकांना घटस्फोट, पोटगीसारख्या दाव्यांत ती माफ आहे.) न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलतात, त्याचा ‘खर्च’. सगळं यूपीआयने, दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावावर. पावती मागितली की ‘अशा कामाची पावती नसते ताई’. त्याने दिलेली एक तारीख गणेश चतुर्थीची निघाली. बहिणीने विचारलं तेव्हा म्हणाला, साहेब खास चेंबरमध्ये बसणार आहेत. गणपतीच्या दिवशी! आणि भाच्याच्या वडिलांना एकही नोटीस मिळाली नव्हती. त्यावर याचं उत्तर तयार, ‘तो बेलिफाला (नोटीस पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाला) चुकवतोय.’

शेवटी व्हॉट्सअॅपवर ऑर्डरचा फोटो आला, आणि मग कुर्ल्याच्या एका कॉफी शॉपमध्ये कागद हातात. हिरवा लेजर पेपर, वर गोल शिक्का, खाली नोटरीचं लाल स्टिकर. न्यायाधीशांचं नाव कुठेच नाही. तो कागद घेऊन बहीण पुण्यात पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘मॅडम, कोर्टाच्या ऑर्डरवर नोटरी कशाला सही करेल?’

तिथून ती मला फोनवर एवढंच म्हणाली, ‘दादा, हे सगळं बनावट आहे.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बांद्र्याला गेलो. मोफत विधी सेवेच्या वकीलबाईंनी कागद हातात घेतला तो आधी मागची बाजू बघायला. खऱ्या प्रमाणित प्रतीवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखांची नोंद असते. इथे मागे कोरं. मग नंबर. मुंबईच्या फॅमिली कोर्टात पोटगीच्या अर्जांना ‘ई’ नंबर पडतो, ताबा-पालकत्वाच्या अर्जांना ‘डी’. यावर ‘ई’ होता. खाली सीएनआर (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ऑनलाइन क्रमांक) म्हणून आकडे छापले होते. सीएनआर सोळा अक्षरांचा असतो, हा चौदाच. ई-कोर्ट्सच्या अॅपवर खरा सीएनआर टाकला की प्रकरणाची पुढची तारीख फुकट दिसते. म्हणजे पहिल्याच आठवड्यात तो मागितला असता तर या माणसाला काही देताच आलं नसतं.

बाईंचं दुसरं वाक्य आम्हाला जास्त लागलं. हुकूमनामा हातात असताना नवी केस कशाला? त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त जूनमध्येच टाकायला हवी होती. आता दरखास्त टाकली आहे, पण दरम्यान समोरून ताबा बदलून मागणारा अर्ज आला. त्यात लिहिलंय की मुलगा पुण्यात रुळला, शाळेत मित्र झाले, त्याला उपटून हलवणं हिताचं नाही. ताब्याचे हुकूम पुढे बदलता येतात आणि मूल कुठे स्थिरावलंय हे कोर्ट बघतंच. ज्याच्याकडे मूल आहे त्याला नुसतं थांबून राहणं फायद्याचं असतं. खोट्या तारखा देणाऱ्याने समोरच्याला तेच फुकटात मिळवून दिलं.

ही मदत आम्हाला विनामूल्य मिळाली. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या (1987) कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाचा दाखला न देता मोफत वकील मिळतो, नोकरी करत असली तरी. हेल्पलाइन 15100. वकिलाकडे सनद आहे का, हे महाराष्ट्र व गोवा बार काउन्सिलकडे नोंदणी क्रमांकावरून कळतं. हा माणूस तिथे नोंदलेलाच नसल्याने काउन्सिल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करू शकत नाही. तिथून आम्ही पोलिसांकडे गेलो. सनदेविना वकिली केल्यास अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बनावट ऑर्डरचा गुन्हा वेगळा. यूपीआयने पैसे जाऊन फार वेळ झाला नसेल तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम गोठवता येत नाही, आमची आली नाही.

तक्रार दिली आहे, तपास चालू आहे म्हणतात. पोलीस स्टेशनातल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, ‘अजून कोणी फसलंय का?’ म्हणून हे लिहितोय. कुर्ल्यातल्या कॉफी शॉपमध्ये हिरव्या कागदावरची नोटरीच्या स्टिकरची ऑर्डर तुम्हालाही मिळाली असेल तर ती फाडू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपची चॅट जपून ठेवा आणि आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकट्या बाईच्या तक्रारीला तो ‘फीवरून झालेला वाद’ म्हणून उडवून लावतोय.