ओटीटी भरावं की टॉकीजला जावं?

गेल्या आठवड्यात साडूंचा फोन आला. "रिन्यूअलचा मेसेज आलाय, भरू का सोडू?" त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. दोन्ही प्रकार आम्ही वर्ष-वर्षभर करून पाहिलेत. पहिल्या वर्षी तीन ॲप आणि टॉकीज बंद, पुढच्या वर्षी एकच ॲप आणि महिन्यातून एकदा चौघं मिळून टॉकीज. नाटक हा खरं तर तिसरा पर्याय, पण ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि आमच्या घरची ती सवयच मोडली.

पैशाचं म्हणाल तर कागदावर ओटीटीच स्वस्त, वाद नाही. फक्त हे स्वस्तपण हळूहळू झिजतं. ॲमेझॉन प्राइमचंच बघा. वर्षाचे ९९९ होते, डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९ झाले. जून २०२५ पासून सिनेमात जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर तेव्हा वर्षाला आणखी ६९९ लावले. म्हणजे पूर्वी ९९९ मध्ये जे मिळायचं त्याचे २,१९८ झाले. नेटफ्लिक्सने त्याच डिसेंबरात दर उतरवले होते हे मान्य, पण जुलै २०२३ पासून घराबाहेर पासवर्ड वाटणं बंद झालं. पोरगं पुण्याला शिकायला असेल तर त्याचा हिशेब वेगळा धरा.

टॉकीजचा खर्च मात्र एकदम अंगावर येतो. शनिवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सला चौघं गेलो की पॉपकॉर्नसकट पाचशेच्या तीन नोटा मोडतात. भडंगाची पिशवी गाडीच्या डिकीतच ठेवावी लागते, कारण बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांना आहे, असं सुप्रीम कोर्टानेच जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. पण मधल्या वारी, जुन्या एकपडदा टॉकीजला, दुपारच्या खेळाला जाऊन बघा. गणित बदलतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. शंभराच्या वर १८ टक्के आहेच.

पण आमचा निर्णय पैशावर झाला नाही. झाला तो एका रविवारच्या दुपारी.

आई फारसा टीव्ही बघत नाही. त्या दिवशी तांबडा-पांढरा उरकून, ओटा पुसून, पदराला हात पुसत ती येऊन बसली. एक जुना मराठी सिनेमा लावला होता. (ॲप कुठलं ते सोडा, वर नाव घेतलेल्या दोन्हींपैकी नाही.) मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो, म्हातारी दार उघडते, तोंडातून शब्द फुटणार, आणि एक माणूस गच्चीवर उभा राहून वॉटरप्रूफिंगचा रंग विकायला लागला. आई म्हणाली, "लाईट गेली का रे?" तो माणूस पुढच्या दोन तासांत चार वेळा आला, प्रत्येक वेळी तीच गच्ची. तिसऱ्या वेळी आई उठली आणि निवडायची मेथी घेऊन आत गेली. दूरदर्शन निदान 'व्यत्यय' अशी पाटी तरी लावायचं.

ही वर्गणी मी वर्षाची आगाऊ भरली होती. दहा सेकंदांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं चूक आहे असंही नाही. मला ते जमलं नाही, एवढंच.

टॉकीजमध्ये जाहिराती नसतात असं नाही. उलट जास्तच असतात, वीस मिनिटं सहज जातात. पण तेव्हा लोक अंधारात खुर्चीचा नंबर शोधत असतात, कुणाचं तरी पोर रडत असतं. आणि इंटरव्हलला लागतात तेव्हा आपण बाहेर चहाला. एकदा पिक्चर सुरू झाला की मध्ये कुणी काही विकायला येत नाही. बाकी उणिवा आहेत. आम्ही जातो तिथल्या डाव्या बाजूचा स्पीकर घरघरतो, बाल्कनीतल्या दोन खुर्च्या टाळाव्या लागतात, आणि पिक्चरच टुकार निघाला तर पैसे पाण्यात. घरी निदान बंद तरी करता येतो.

घरात तान्हं बाळ असेल, कुणाचे गुडघे दुखत असतील किंवा शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी असेल, तर ओटीटीच ठेवा, माझं ऐकू नका. क्रिकेटवाल्यांचं तर बोलायलाच नको.

साडूंना मी एवढंच म्हणालो, आधी ऑटो-पे बंद करा आणि घरात कोण कधी विचारतंय ते बघा. आमच्याकडे दोन ॲप बंद झाल्याचं नऊ दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.