पगार आणि राहणीखर्चाची तुलना करणारा ४९९ रुपयांचा अहवाल: एस्टिमेशनवाल्यांनी घ्यावा का?

बांधकामाची अंदाजपत्रके तयार करण्याचे काम मी पुण्यात आठ वर्षे करत आहे. गेल्या पावसाळ्यात बाणेरच्या एका ठेकेदार कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा पगार किती मागावा हे ठरवण्यासाठी, शहरनिहाय पगार आणि राहणीखर्च यांची तुलना करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर ४९९ रुपये भरून मी १४ पानांचा अहवाल विकत घेतला. हुद्दा, अनुभवाची वर्षे, शहर आणि कुटुंबातील माणसे एवढी माहिती भरली की अहवाल दहा मिनिटांत ईमेलवर येतो. मराठीत तो मिळत नाही, परंतु त्यातील तक्ते समजायला सोपे आहेत.

माझ्या अहवालात आठ वर्षे अनुभवाच्या ‘कॉस्ट एस्टिमेटर’चा पुण्यातील सरासरी पगार वर्षाला ८,४०,००० रुपये आणि तिघांच्या कुटुंबाचा मासिक खर्च ३४,००० रुपये दिला होता. हा आकडा डोक्यात ठेवून मी मुलाखतीला गेलो आणि तेवढाच मागितला. समोर बसलेले मुख्य एस्टिमेटर वयाने आणि अनुभवाने मोठे होते. त्यांनी शांतपणे विचारले, “यात काय काय धरलंय तुम्ही?” मला उत्तर देता आले नाही. कोणत्याही पुरवठादाराचा दर हातात आला की सगळ्यात आधी मी हाच प्रश्न विचारतो, आणि अहवालाचा आकडा स्वीकारताना तो विचारायचा राहून गेला, याचे मला फार वाईट वाटले. घरी आल्यावर मी तो अहवाल निविदा तपासतात तसा ओळीओळीने तपासला.

आमच्या कामात बाबीचे वर्णन नसलेल्या दराला अर्थ नसतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत आरसीसी कॉलमचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या खांबाचा, दर घनमीटरला दिलेला असतो आणि त्यात सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, धरलेले असते, पण सळई धरलेली नसते. ती किलोने किंवा टनाने वेगळी मोजावी लागते. हे वर्णन न वाचता कोणी नुसता दर उचलला तर अंदाजपत्रक कोसळते. अहवालातील ८,४०,००० या आकड्याला असे वर्णनच नाही. पुण्यात ‘कॉस्ट एस्टिमेटर’ या नावाने जाहिरात क्वचितच येते. येते ती बिलिंग इंजिनिअर, एस्टिमेशन इंजिनिअर, टेंडरिंग इंजिनिअर किंवा क्वांटिटी सर्व्हेअर या नावांनी, आणि कामही तितकेच वेगवेगळे असते. ठेकेदाराच्या कार्यालयात बसून सरकारी निविदा भरणारा, साइटवर मोजमाप पुस्तक लिहून उपठेकेदारांची बिले काढणारा आणि परदेशातील प्रकल्पांची परिमाणे इथे बसून काढून देणारा, या तिघांचे पगार एका पातळीवर नसतात. त्यांची सरासरी काढली तर ती तिघांपैकी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागात १३-१०५१ या एका संकेतांकाखाली बांधकाम आणि कारखानदारी अशा दोन्हींकडचे एस्टिमेटर येतात. अहवालातील हुद्द्याचे वर्णन त्याच धर्तीचे आहे, आणि आपल्याकडच्या नोकऱ्यांना ते बसत नाही.

दुसरी गोष्ट सीटीसीची, म्हणजे कंपनी एका कर्मचाऱ्यावर वर्षाला जो एकूण खर्च धरते त्या आकड्याची. कंपनीने मला वर्षाला ६,००,००० रुपये देऊ केले. अहवालाच्या रकान्यात हा आकडा भरला की तो सरळ बाराने भागून महिना ५०,००० धरतो, ३४,००० खर्च वजा करतो आणि दरमहा १६,००० शिल्लक दाखवतो. मी नियुक्तीपत्राचा मसुदा घेऊन दर विश्लेषण मांडतात तसा हिशेब मांडला. बेसिक २५,००० असल्याने कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ म्हणजे ३,००० रुपये, ४.८१ टक्क्यांची ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणजे १,२०३ रुपये आणि कामगिरीवर अवलंबून असलेले २,५०० रुपये त्या ५०,००० मध्येच धरलेले होते. राहिलेल्या ४३,२९७ मधून माझ्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात पडतात ४०,०९७ रुपये. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात आणखी १०० कमी. पीएफची रक्कम ही माझीच बचत आहे हे मला मान्य आहे, पण घरमालकाला भाडे त्यातून देता येत नाही.

आता खर्चाची बाजू. आम्ही धायरीत भाड्याने राहतो. भाडे १५,०००, किराणा आणि भाजी ९,०००, वीज, गॅस, मोबाइल आणि इंटरनेट मिळून ३,०००, मुलीच्या शाळेची फी महिन्याच्या हिशेबाने ३,७५० आणि शाळेच्या व्हॅनचे १,८००. दूध रोज दीड लिटर, ६० रुपये भावाने महिन्याला २,७००. गावी आईला मी दरमहा ५,००० पाठवतो. बाणेरला जाऊन-येऊन साधारण ३२ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ८३२ किलोमीटर. माझी दुचाकी लिटरला ४५ देते, तेव्हा पेट्रोलचे १,९५० च्या आसपास होतात. एकूण ४२,२००. म्हणजे अहवाल जिथे १६,००० शिल्लक दाखवतो तिथे माझ्या वहीत दरमहा २,१०३ रुपयांची तूट आहे, आणि त्यात दवाखाना, कपडे आणि दिवाळी अजून आलेली नाही.

या १८,१०३ रुपयांच्या फरकापैकी ९,९०३ रुपये सीटीसी आणि हातात पडणारा पगार यांच्यातील आहेत, उरलेले ८,२०० खर्चाच्या बाजूचे. त्या बाजूला सगळ्यात मोठी चूक आहे आईला पाठवायच्या पैशांची. पुण्यात नोकरी करणाऱ्या, गावाकडून आलेल्या माझ्यासारख्या असंख्य माणसांच्या अंदाजपत्रकात ही पहिली बाब असते, आणि अहवालात तिला रकानाच नाही. जिम आणि सिनेमा यांना मात्र आहे. व्हॅनही नाही. प्रवासाचा खर्च त्यांनी कोणतेही अंतर न विचारता धरला आहे. आमच्या दरसूचीत ठरावीक अंतरापलीकडून वाळू किंवा खडी आणावी लागली तर लीड, म्हणजे त्या जादा अंतराच्या वाहतुकीचा दर, वेगळा मिळतो. माणूस रोज सोळा किलोमीटरवरून येतो त्याचा लीड अहवालाने कुठेही मोजलेला नाही, आणि पुण्यात स्वस्त भाडे हवे असेल तर तो मोजावाच लागतो.

घर बदलण्याचा खर्चही सुटला आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते, आणि एजंटला एक महिन्याचे भाडे द्यावे लागले तर माझ्या बाबतीत अकरा महिन्यांवर वाटूनही ते महिना १,३६४ रुपये पडते. शिवाय ५०,००० रुपये अनामत अडकून राहते.

अहवालातील भाड्याची पाने मात्र मनापासून चांगली आहेत. धायरी, नऱ्हे, वारजे, वाकड आणि हडपसर अशा भागांप्रमाणे भाड्याचे दर वेगवेगळे दिले आहेत, आणि मी दोन भागांत स्वतः फिरून पाहिले तेव्हा ते जवळजवळ बरोबर निघाले. किराण्याचे भावही ताजे आहेत. जो पुण्यात नव्याने येत आहे त्याला या चार पानांचा उपयोग होईल. पगाराच्या पानासाठी मात्र पैसे देऊ नयेत. त्यापेक्षा आपल्याच कामाच्या दोन माणसांना, एक ठेकेदाराकडचा आणि एक सल्लागार कंपनीतला, हातात किती पडतात ते विचारावे.

दुसऱ्या बैठकीला मी अहवाल नेला नाही, वरचा हिशेब एका कागदावर लिहून नेला. त्याच मुख्य एस्टिमेटरांनी तो पूर्ण वाचला, पेट्रोलच्या ओळीपाशी थांबून अंतर विचारले, आणि शेवटी कामगिरीवरचे २,५०० रुपये निश्चित पगारात आले व साइटभेटीचे पेट्रोल वेगळे मिळेल असे पत्रात लिहून मिळाले. मी नोकरी घेतली.

अहवालाला मी पाचपैकी दोन गुण देतो. सीटीसीऐवजी हातातला पगार धरावा आणि घरी पाठवायच्या पैशांचा रकाना द्यावा, असे मी त्यांना लिहिले होते. चार दिवसांनी उत्तर आले की पगाराची पद्धत तूर्त बदलणार नाही, मात्र शाळेच्या वाहतुकीचा खर्च पुढच्या आवृत्तीत घेण्याचा विचार आहे, त्यासाठी प्रत्यक्ष पावत्या मिळाल्या तर बरे होईल. मुलीच्या व्हॅनच्या मागील सहा महिन्यांच्या पावत्या मी त्यांना पाठवल्या आहेत.