इंजिन बदललं, हीटरचा व्हॉल्व्ह कुठला?

जुन्या अॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन काढून इसुझूचं बसवलं की हीटरच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे इंजिनचं गरम पाणी हीटरकडे सोडणाऱ्या तोटीचा, प्रश्न शेवटी उरतो. त्या जुन्या घराण्याच्या इंजिनात व्हॉल्व्ह थेट हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागावर, बसायचा. नव्या हेडवर ती जागाच नाही. मग तो होज पाइपमध्येच घालावा लागतो.

दोन तोंडांचा व्हॉल्व्ह स्वस्त, छोटा, पाइप कापून दोन क्लिपांत बसतो. पण बंद केला की हीटरकडचं पाणी थांबतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत पाणी याच वाटेनं फिरतं. तिथे हा व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

चार तोंडांचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी हीटरला वळसा घालून इंजिनकडे परततं. माझं मत यालाच. त्रास एकच: चार पाइप, आठ क्लिपा आणि जागेची मारामारी. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रीनं माझा उलटा बसवला होता. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण त्यानं बघितलाच नाही. निफाडच्या थंडीत पहाटे निघालो, नॉब पूर्ण 'गरम'वर आणि पायांवर बर्फासारखी हवा!

नॉबपासून व्हॉल्व्हच्या दांडीपर्यंत जाणारी केबल दोन्हींना लागते. नॉब शेवटपर्यंत ओढून दांडी पूर्ण फिरते का, ते क्लिप आवळण्याआधीच बघा. पाणी भरताना व्हॉल्व्ह उघडा ठेवा, नाहीतर हीटरमध्ये हवा अडकते.

आणि हो, कसारा घाटात तापमानाचा काटा चढू लागला तर हीटर पूर्ण उघडा. घामाघूम व्हाल, पण तोही छोटा रेडिएटरच.