चांदरचे मिनेझिस ब्रागांझा हाऊस: कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी अभिप्राय

गोव्यातील सासष्टी तालुक्यात चांदर येथे चर्चच्या चौकालगत असलेले मिनेझिस ब्रागांझा हाऊस हे संग्रहालय नव्हे; पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत राहणाऱ्या कुटुंबाच्या दोन शाखांचे ते राहते घर आहे, आणि आत शिरताना पाहुण्याने याचे भान ठेवलेले बरे. येथे तिकीट नसते, घर पाहून झाल्यावर देणगी द्यायची असते. आपल्याकडच्या पर्यटकांना हा व्यवहार अवघड वाटतो आणि मग खिशातली सर्वांत लहान नोट पुढे होते. एवढे मोठे छप्पर दर पावसाळ्यात शाबूत ठेवायला काय लागते, हे ज्यांचे गावी कौलारू घर आहे त्यांना सांगायला नको. देणगी त्या हिशेबाने द्यावी.

वास्तूचे खरे वैभव तिच्या दर्शनी बाजूत आहे. वरच्या मजल्यावर २४ खिडक्या एका ओळीत उभ्या आहेत आणि प्रत्येकीला कठडा आहे. समोर उभे राहून ही सगळी लांबी एका चौकटीत बसवण्याचा हट्ट बहुतेक जण धरतात. मोबाइलच्या पॅनोरमात मात्र सरळ छपराची रेघ धनुष्यासारखी वाकते. त्यापेक्षा एका टोकाला जाऊन तिरपे छायाचित्र घ्यावे, म्हणजे खिडक्या क्रमाने लहान होत जातात आणि घराचा पसारा आपोआप कळतो.

पूर्वेकडील भागातील नृत्यदालन पाहण्यासाठी तरी येथे यावेच. संगमरवरी फरशी, बिलोरी झुंबरे, फुलांची नक्षी उठवलेले जस्ताचे छत आणि पोर्तुगालचा राजा दों लुईश याने भेट दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या असा सगळा थाट आहे. छायाचित्रकाराची कसोटी लागते ती उजेडाशी: खिडकी नीट टिपावी तर खुर्च्या काळ्या पडतात, खुर्च्या उजळाव्यात तर खिडकीचा पांढरा ठिपका होतो. फ्लॅश मुळीच वापरू नये. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, खिडकी चौकटीबाहेर ठेवून बाजूचा उजेड घेतला तर लाकडावरील कोरीवकाम सुरेख उठते. घरातील प्रार्थनागृहात सेंट फ्रान्सिस झेवियरचे नख जतन केलेले आहे. तेथे कॅमेरा खाली ठेवणेच शोभते. छायाचित्रे घेण्याची मुभा दोन्ही भागांत सारखीच असेल असे गृहीत न धरता प्रत्येक ठिकाणी वेगळे विचारावे, आणि नकार मिळाल्यास हुज्जत घालू नये. आपल्या दिवाणखान्यात अनोळखी माणसाने कॅमेरा रोखला तर आपण तरी काय केले असते?

पश्चिमेकडील भागात लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा मोठा ग्रंथसंग्रह आहे. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी ते एक, आणि पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीवर निर्भीड टीका करणारे. पणजीतील त्यांच्या नावाची संस्था मराठी वाचकांना ठाऊक असतेच. झुंबरांच्या नादात ही पुस्तके बघायची राहून जातात.

दिवसभराच्या बससहलीतून येथे येण्याचा सल्ला मी देणार नाही. आमच्या सहलीच्या आयोजकांनी या घराला जेमतेम अर्धा तास दिला होता आणि तोही गटाची मोजदाद करण्यात सरला. मडगावहून स्वतंत्र गाडी करावी आणि त्याच दिवशी केपे येथील १७८७ सालचा, चर्चच्या डीनने (वरिष्ठ धर्मगुरूने) बांधलेला पालासियो दो देआंव हा वाडाही पाहावा. तेथे जेवायचे असल्यास आधी कळवावे लागते.